थायरॉइडच्या गोळीचं माप

रोज सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी थायरॉइडची गोळी हातात तर सहज मावते, पण तिच्यातलं खरं औषध, लेव्होथायरॉक्सिन, असतं फक्त 25, 50 किंवा 100 मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! बाकी सगळा भराव. मग आत औषध नेमकं किती, हे प्रयोगशाळा कशी सांगते?

तुलनेनं. सोनाराला जसं प्रमाणित वजन लागतं, तसा इथे संदर्भ नमुना लागतो: शुद्धता काटेकोरपणे ठरवलेली, छोट्या कुपीत जपलेली लेव्होथायरॉक्सिनची भुकटी. भारतात असे नमुने गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग पुरवतो. एचपीएलसी या, द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात आधी या नमुन्याचं द्रावण सोडतात, मग गोळीचं. पडद्यावरच्या आलेखात उमटलेल्या दोन शिखरांच्या क्षेत्रफळांवरून हिशेब होतो. म्हणजे नमुनाच चुकीचा असेल, तर त्यावर बेतलेलं प्रत्येक उत्तर चुकणार.

पूर्वी या औषधाच्या रेणूतलं नुसतं आयोडीन मोजत. पण औषध विघटित झालं तरी आयोडीन उरतंच, त्यामुळे कमजोर गोळीही पास होऊ शके. शिवाय एक आयोडीन अणू कमी असलेलं लायोथायरोनिन वेगळं ओळखावं लागतं. ते जास्त जोरकस असतं, म्हणून त्याचाही स्वतंत्र संदर्भ नमुना ठेवतात.

हे औषध उजेड, उष्णता, दमट हवा यांनी खराब होतं. अमेरिकेत 2007 मध्ये नियम कडक झाला: मुदत संपेपर्यंत औषध लेबलवरच्या प्रमाणाच्या 95 ते 105 टक्क्यांतच हवं. मला हा काटेकोरपणा अगदी योग्य वाटतो. गरोदर बाईच्या बाबतीत तर थोडा फरकही महत्त्वाचा ठरतो.