संगणकीय पाठ आणि त्यांची तांत्रिक मानके

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले, तेव्हा ते मराठी असूनही रोमन लिपीत छापावे लागले, हे आमच्या वाचकांस विदितच आहे. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ पासून होते. देवनागरी खिळे मात्र नव्हते. ग्रंथाचे रूप ग्रंथकर्त्याने नव्हे, तर यंत्राने ठरविले. ऑनलाइन शिक्षणाच्या क्षेत्रात हाच प्रश्न नव्या वेषात पुढे आला, आणि त्याच्या निराकरणार्थ जे संकेत सिद्ध झाले त्यांना तांत्रिक मानके म्हणतात. धर्मशिक्षणाचे पाठही आता मोबाइलवरून दिले जात असल्याने या मानकांचा स्थूल परिचय आपणांस असावा, असे आम्हांस वाटते.

आरंभ झाला तो विमानोद्योगात. विमाने बांधणाऱ्या कंपन्या प्रशिक्षणासाठी संगणकीय पाठ पुरवीत. पण एकीचा पाठ दुसरीच्या यंत्रावर चालत नसे. म्हणून १९८८ साली या उद्योगाने एक समिती स्थापिली. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रेरणेने २००० साली ‘स्कॉर्म’ हे मानक निघाले. त्याची २००१ मधील आवृत्ती आजही पुष्कळ ठिकाणी वापरात आहे. योजना साधी आहे. पाठाची पाने, चित्रे व ध्वनी एका गाठोड्यात बांधावयाचे, आत काय आहे याची यादी ठराविक नमुन्यात सोबत ठेवावयाची, आणि पाठ व प्रणाली यांनी परस्परांशी मोजक्या ठरलेल्या शब्दांत बोलावयाचे : पाठ सुरू झाला, पूर्ण झाला, इतके गुण मिळाले, इतका वेळ लागला. त्यामुळे एकदा केलेला पाठ दुसऱ्या प्रणालीत नेता येऊ लागला. लाभ मोठाच. तथापि जे मोजता येते तेच या मानकाने मुख्यतः नोंदविले. पाठ पूर्ण झाला म्हणजे तो समजला असे नव्हे, हे कोणत्याही धर्मशिक्षकास सांगावे लागत नाही.

दुसरी उणीव अधिक जाचक. स्कॉर्मची रचना पाठ प्रणालीशी जोडलेला आहे असे गृहीत धरते. मध्येच संपर्क तुटला तर नोंद हरवण्याचा धोका असतो. २०२० साली शाळा-महाविद्यालये बंद असता गोव्याच्या डोंगराळ गावांतील मुले संपर्क शोधीत टेकड्या चढत होती. अशा ठिकाणी हे गृहीतक टिकत नाही. २०१३ सालच्या ‘एक्सएपीआय’ या मानकाने नोंदीला वाक्याचे रूप दिले : अमुक व्यक्तीने, अमुक केले, अमुक गोष्टीविषयी. ही वाक्ये मोबाइलमध्ये साठवून संपर्क येताच पाठविता येतात. अर्थात तशी सोय पाठ बनविणाऱ्याने केली असली तरच. मानक केवळ वाट मोकळी करते. २०२३ साली ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने त्यास आपली मान्यता दिली.

आपल्याकडे केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ व शाळांसाठीचे ‘दीक्षा’ ही दोन्ही २०१७ साली सुरू झाली. ‘दीक्षा’तील पाठ एकदा उतरवून घेतला की संपर्काविना पाहता येतो, खेड्यांच्या दृष्टीने हीच तिची खरी थोरवी, असे आमचे मत आहे. गोवा शासनाच्या उच्चशिक्षण संचालनालयाने २०२० साली ‘दिश्टावो’द्वारे पदवीच्या विषयांची ध्वनिचित्रित व्याख्याने उपलब्ध केली.

पेडणे व डिचोली या तालुक्यांत मराठी ही शाळेची, भजनाची व वर्तमानपत्राची भाषा आहे. तेथे पाठ रचणाऱ्यास आणखी एक मानक सांभाळावे लागते, ते अक्षरांचे. पूर्वी संगणकावर मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या खासगी फॉन्टमध्ये बसविला जाई. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याची निरर्थक चिन्हे होत. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हास जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तरीही जुन्या फॉन्टमधील प्रश्नोत्तरे व गीते अनेकांच्या संगणकांत अद्याप पडून आहेत. ती युनिकोडमध्ये आणण्याचे काम आधी व्हावे. कोणत्याही प्रणालीचा विचार त्यानंतर. प्रणाली घेताना विक्रेत्यास दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : आमचे पाठ व नोंदी उद्या बाहेर काढून दुसरीकडे नेता येतील काय, आणि संपर्क नसलेल्या वाड्यावर पाठ उघडेल काय.