भगवा झेंडा : प्रदर्शन व लोकमत

भगवा झेंडा : गेरू वा काव यांच्या रंगाशी मिळत्याजुळत्या, पिवळसर तांबड्या रंगाचे बहुधा दोन टोकांचे निशाण. महाराष्ट्रात ते धार्मिक, ऐतिहासिक, भाषिक व राजकीय अशा चार निरनिराळ्या अर्थांनी उभारले जाते. त्याला कोणत्याही राज्याच्या अधिकृत ध्वजाचा दर्जा नाही; महाराष्ट्र राज्याने स्वतःचा असा कोणताही ध्वज अधिकृतपणे स्वीकारलेला नाही. तथापि लोकव्यवहारात या निशाणाला फार मोठे स्थान आहे आणि ते कोठे, केव्हा व कोणी उभारावे यांविषयी वेळोवेळी वाद झालेले आहेत. या वादांचा मागोवा घेता असे दिसते, की लोकमत ध्वजाच्या रंगापेक्षा तो जेथे उभारला जातो ते ठिकाण आणि ज्याच्या समोर तो उभारला जातो तो पक्ष, यांवर अधिक अवलंबून असते.

धार्मिक व लोकजीवनातील स्थान : संन्याशाची वस्त्रे, मठ, देवळांचे कळस व वारकऱ्यांच्या पताका यांमुळे हा रंग विरक्तीचा व भक्तीचा मानला जातो. आषाढी-कार्तिकीच्या वारीत प्रत्येक दिंडीपुढे पताका असतात. पुणे जिल्ह्यातील देहू व आळंदी या दोन क्षेत्रांमुळे इंद्रायणीच्या खोऱ्याचा वारकरी परंपरेशी निकटचा संबंध आहे. मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडेनजीक असलेल्या आंबीसारख्या गावांत देवळावरील झेंडा, सप्ताहातील पताका व उत्सवाच्या वेळी रस्त्यावर बांधलेली निशाणे ही गावगाड्याच्या नित्य जीवनाचा भाग आहेत. या ठिकाणी ध्वज कोणाला उद्देशून उभारलेला नसतो. म्हणून त्याविषयी ‘मत’ असण्याचा प्रश्नही सहसा उद्भवत नाही.

इतिहास : छत्रपती शिवाजी महाराजांनी स्थापन केलेल्या स्वराज्याचे निशाण म्हणून भगव्या झेंड्याला ऐतिहासिक प्रतिष्ठा लाभली. रामदासस्वामींच्या वस्त्रावरून तो घेतला, ही प्रसिद्ध कथा उत्तरकालीन बखरींतून आलेली आहे. पेशवाईत भगवा झेंडा हे छत्रपतींचे, तर जरीचे काम केलेला जरीपटका हे स्वारीवर निघालेल्या मुख्य सेनेचे मानाचे निशाण समजले जाई.

मराठी सत्तेचा अस्त लोकस्मृतीत निशाणाच्या रूपानेच टिकून आहे. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. त्यानंतर १७ नोव्हेंबर रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर ब्रिटिश निशाण चढले. ते बाळाजीपंत नातू यांनी चढविले असे सांगितले जाते व त्यामुळे त्यांचे नाव आजही अप्रीतीने घेतले जाते. राज्य बुडण्याची कारणे अनेक व दीर्घकालीन होती. परंतु लोकांच्या रोषाचा विषय झाला तो निशाण बदलणारा हात. १० फेब्रुवारी १८१८ रोजी सातारचा किल्ला पडला, तेव्हा प्रथम चढविलेले ब्रिटिश निशाण उतरवून एल्फिन्स्टनच्या जाहीरनाम्यास अनुसरून छत्रपतींचा भगवा झेंडा तेथे लावण्यात आला. नव्या राज्यकर्त्यांना ध्वजाविषयीच्या लोकभावनेची पुरती जाणीव होती, हे यावरून स्पष्ट होते. मावळातील विसापूर व लोहगड हे किल्ले मार्च १८१८ च्या आरंभी इंग्रजांच्या हाती गेले. लोहगडाचा समावेश २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत नोंदविलेल्या बारा किल्ल्यांत झाला आहे. किल्ल्यांवर भगवा झेंडा उभारण्याची प्रथा दुर्गप्रेमी मंडळींत सर्वत्र दिसून येते आणि तेथे तो मुख्यतः इतिहासाचे स्मरण म्हणून पाहिला जातो.

ध्वज आणि सार्वजनिक जागा : ब्रिटिश अमदानीत ध्वजाच्या प्रदर्शनाचा हक्क हाच लढ्याचा विषय बनला. नागपूर येथे १९२३ मध्ये सिव्हिल लाइन्स या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीकडे राष्ट्रीय निशाण घेऊन जाण्यास मनाई करण्यात आली. त्याविरुद्ध मे ते ऑगस्ट या काळात झेंडा सत्याग्रह झाला व हजाराहून अधिक सत्याग्रहींनी तुरुंगवास पतकरला. जमनालाल बजाज व वल्लभभाई पटेल यांनी त्याचे नेतृत्व केले. सोलापुरात १९३० मध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण फडकले. त्याच वर्षी मे महिन्यात शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. ही दोन्ही निशाणे तिरंगी होती, भगवी नव्हेत. परंतु ध्वज घरात असणे वेगळे आणि सत्तेच्या जागेवर असणे वेगळे, हा भेद त्यांतून प्रथम ठळकपणे पुढे आला. भगव्या झेंड्याविषयीच्या पुढील सर्व वादांचे मूळ या भेदात आहे.

राष्ट्रध्वजाची निवड : काँग्रेसने १९३१ मध्ये नेमलेल्या सात सदस्यांच्या ध्वजसमितीत काका कालेलकर व ना. सु. हर्डीकर हे होते. निशाणातील रंगांना जातीय अर्थ चिकटू नये, या हेतूने समितीने संपूर्ण केशरी रंगाचा व चरख्याचे चिन्ह असलेला ध्वज सुचविला. अखिल भारतीय काँग्रेस समितीने ही शिफारस न स्वीकारता केशरी, पांढरा व हिरवा असे तीन पट्टे कायम केले आणि रंगांचा अर्थ धर्मांशी न जोडता गुणांशी जोडला. केशरी रंग धैर्य व त्याग यांचा द्योतक ठरला. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी चरख्याच्या जागी चक्र असलेला राष्ट्रध्वज स्वीकृत केला. हिंदुत्ववादी संघटनांनी मात्र भगव्यालाच प्राधान्य दिले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने त्याला गुरुस्थानी मानले. १९५० नंतर अनेक वर्षे संघाच्या नागपूर येथील मुख्यालयावर राष्ट्रध्वज उभारला जात नसे. २००२ पासून तो उभारला जाऊ लागला. एकाच रंगाकडे सर्वसमावेशक म्हणून पाहणारे व विशिष्ट समाजाचा म्हणून पाहणारे असे दोन्ही मतप्रवाह या काळापासून समांतर चालत आले आहेत.

पक्षीय वापर : शिवसेनेच्या १९६६ मधील स्थापनेनंतर भगवा झेंडा शहरांच्या चौकाचौकांत पक्षाचे निशाण म्हणून दिसू लागला. २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचा ध्वज प्रथम अनेकरंगी होता. २३ जानेवारी २०२० रोजी त्या पक्षाने शिवाजी महाराजांची राजमुद्रा असलेला भगवा ध्वज स्वीकारला, तेव्हा काही मराठा संघटनांनी राजमुद्रेच्या पक्षीय वापरास हरकत घेतली. सर्वांच्या वारशाचे चिन्ह एका पक्षाने आपलेसे करावे काय, हा या हरकतीमागील प्रश्न होता.

या प्रश्नाची दुसरी बाजू कोरेगाव भीमा येथे दिसते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ दलित समाज अभिमानाचे स्थान मानतो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये त्याला भेट दिली होती. तेथे दरवर्षी निळे झेंडे व पंचशील ध्वज घेऊन मोठा समुदाय जमतो. १ जानेवारी २०१८ रोजी त्या परिसरात झालेल्या हिंसाचारात एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर भगवा आणि निळा हे दोन रंग परस्परविरोधी गटांची चिन्हे म्हणून लोकचर्चेत येऊ लागले. वारीतील पताकेकडे आपुलकीने पाहणारा माणूसही जमावाच्या हातातील त्याच रंगाच्या झेंड्याला भिऊ शकतो, ही गोष्ट या प्रसंगाने अनेकांच्या ध्यानात आणून दिली.

सीमाभाग : राज्यपुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व त्याभोवतालचा मराठी भाषक प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून महाराष्ट्र एकीकरण समिती १ नोव्हेंबर हा काळा दिन पाळते. त्याच दिवशी कन्नड भाषक लाल-पिवळे निशाण लावून राज्योत्सव साजरा करतात. हे लाल-पिवळे निशाण कन्नड चळवळीतील मा. राममूर्ती यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आणले. येथे भगवा झेंडा मुख्यतः मराठी भाषेची खूण ठरतो. कारण समोरचा पक्षही बहुतांशी त्याच धर्माचा आहे. मुंबईत वा नागपुरात ज्या निशाणाला धार्मिक किंवा पक्षीय अर्थ लाभतो, तेच बेळगावात भाषिक अल्पसंख्याकांच्या गाऱ्हाण्याचे चिन्ह होते.

वादाचे केंद्र मात्र येथेही सार्वजनिक इमारत हेच आहे. डिसेंबर २०२० मध्ये कन्नड संघटनांनी बेळगाव महानगरपालिकेच्या इमारतीसमोर लाल-पिवळा ध्वज उभारला; तो हटविण्यासाठी मराठी संघटनांनी आंदोलन केले. पुढील वर्षी डिसेंबरमध्ये कोल्हापुरात हे निशाण जाळण्यात आले. बंगळूर येथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि बेळगावात संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. कर्नाटक शासनाने मार्च २०१८ मध्ये पिवळा, पांढरा व लाल असे पट्टे असलेला राज्यध्वज सादर केला होता. त्याला केंद्र शासनाची मान्यता मिळाली नाही.

कायदा व शासकीय व्यवहार : राष्ट्रध्वजाचा अवमान १९७१ च्या अधिनियमान्वये दंडनीय आहे. २६ जानेवारी २००२ पासून अंमलात आलेल्या ध्वजसंहितेने नागरिकांना वर्षातील सर्व दिवशी राष्ट्रध्वज लावण्याची मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये राष्ट्रध्वज सन्मानपूर्वक उभारण्याचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला. अन्य कोणताही ध्वज राष्ट्रध्वजापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने लावता येत नाही. एरवी खाजगी घरावर, देवळावर वा मिरवणुकीत भगवा, निळा, हिरवा वा अन्य ध्वज लावण्यास सर्वसाधारण मनाई नाही; शांततेस धोका असल्यास प्रशासन तात्पुरते निर्बंध घालू शकते.

महाराष्ट्र शासनाच्या ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये ६ जून हा राज्याभिषेकाचा दिवस ‘शिवस्वराज्य दिन’ म्हणून पाळण्याचे ठरविले आणि जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व ग्रामपंचायती यांच्या कार्यालयांत भगव्या स्वराज्यध्वजासह गुढी उभारण्याचा आदेश दिला. हसन मुश्रीफ हे त्या वेळी ग्रामविकासमंत्री होते. शासकीय कार्यालयावर राष्ट्रध्वजाखेरीज दुसरा ध्वज नसावा, असा आक्षेप या आदेशावर घेण्यात आला. उलट, हा कोणा पक्षाचा वा पंथाचा ध्वज नसून रयतेच्या राज्याचे स्मरण आहे, असे समर्थन करण्यात आले. गावाच्या देवळावर निर्विवाद असलेले निशाण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आले, की त्याविषयी प्रश्न का निर्माण होतो, हे या वादातून चांगले समजते. देऊळ भक्तांचे असते. कचेरी मात्र गावातील प्रत्येकाची असते.

परदेशांतील साम्य व भेद : लयास गेलेल्या सत्तेच्या निशाणाविषयीचा सर्वांत प्रसिद्ध आधुनिक वाद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. यादवी युद्धात (१८६१–६५) गुलामगिरीच्या रक्षणासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यसंघाच्या सैन्याचे, तांबड्या भूमीवर निळी तिरपी फुली व तेरा तारे असलेले निशाण पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. साउथ कॅरोलायना राज्याच्या विधानभवनावर ते १९६१ मध्ये युद्धाच्या शताब्दीनिमित्त चढविण्यात आले. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ त्या वेळी जोरात होती. २००० मध्ये ते आवारातील स्मारकाजवळ हलविले गेले. चार्ल्स्टन येथील चर्चमध्ये जून २०१५ मध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर १० जुलै २०१५ रोजी ते काढून टाकण्यात आले. मिसिसिपी राज्याने आपल्या राज्यध्वजातील ही खूण २०२० मध्ये वगळली. २०१५ च्या एका जनमतचाचणीत ५७ टक्के लोकांनी या निशाणाला दक्षिणेच्या अभिमानाचे, तर ३३ टक्के लोकांनी वंशद्वेषाचे चिन्ह मानले. कृष्णवर्णीयांपैकी मात्र ७२ टक्के लोकांना त्यात वंशद्वेष दिसला.

या निशाणाची व भगव्या झेंड्याची सर्वार्थाने तुलना करता येणार नाही. एकाचा जन्म गुलामगिरी टिकविण्यासाठी केलेल्या फुटीत झाला. दुसरा संतपरंपरेतून व परकीय सत्तांविरुद्ध उभ्या राहिलेल्या राज्यातून आलेला आहे. साम्य आहे ते लोकमताच्या घडणीत : उभारणाऱ्याचा हेतू आणि पाहणाऱ्याचा अनुभव यांत अंतर पडले, की वाद सुरू होतो आणि शासकीय इमारतीवर ते अंतर सर्वाधिक जाणवते. भारतीय नौदलाच्या ध्वजातूनही हीच गोष्ट दिसते. त्यातील सेंट जॉर्जचा क्रूस हा ब्रिटिशकालीन अवशेष २००१ मध्ये काढून २००४ मध्ये पुन्हा घेण्यात आला. २ सप्टेंबर २०२२ रोजी तो पुन्हा वगळून शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून सुचलेली अष्टकोनी आकृती स्वीकारण्यात आली. क्रूस असलेल्या ध्वजाखाली अनेक वर्षे सेवा करणाऱ्यांना तो नौदलाच्या परंपरेचा भाग वाटे. इतरांना तो पारतंत्र्याची आठवण देई.

भगव्या झेंड्याविषयी महाराष्ट्रातील लोकमत एकसंध नाही, तसेच ते केवळ दोन तटांत विभागलेलेही नाही. एकच व्यक्ती वारीत त्याच्यामागे चालते, किल्ल्यावर त्याला वंदन करते, निवडणुकीत त्याच रंगाच्या पक्षाविरुद्ध मत देते आणि कचेरीवर मात्र केवळ राष्ट्रध्वज असावा असेही म्हणते. या भूमिकांत विसंगती नाही. प्रत्येक ठिकाणी त्या कापडाचा अर्थ निराळा असतो.