मित्राच्या नावाने दहा गाणी

वडील गेले तर दहावे-तेरावे असते, गुरू गेले तर पुण्यतिथी. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनांनी पुण्यात १९५३ साली सुरू केलेला उत्सव कोणाला ठाऊक नाही? इकडे ठाण्यातही पं. राम मराठ्यांच्या नावाने महापालिका संगीत समारोह भरवत आली आहे. पण मित्र गेला तर? त्याचे ना सुतक, ना रजा.

डोंबिवलीहून मुंबईला जाणाऱ्या आमच्या गाडीत वर्षानुवर्षे भजन चाले. टाळ धरणारे एक गृहस्थ अचानक गेले. आठवडाभर आम्ही मुकाट बसून प्रवास केला. मग एके सकाळी ठाणे सुटल्यावर कोणीतरी त्यांच्याच आवडीचा अभंग धरला, आणि घाटकोपर येईपर्यंत सारा डबा गात होता.

म्हणूनच पुतण्याने अमेरिकेतल्या एका बँडची हकीगत सांगितली तेव्हा मी कान टवकारले. (बँड म्हटला की आम्हाला लग्नाची वरात आठवते, ही गोष्ट निराळी!)

सिअ‍ॅटल शहरात अँड्र्यू वुड नावाचा तरुण गायक होता. त्याच्या 'मदर लव्ह बोन' ह्या बँडची पहिली मोठी तबकडी निघायच्या बेतात असतानाच, १९ मार्च १९९० रोजी हेरॉइनने त्याचा बळी घेतला. वय अवघे २४. 'साउंडगार्डन'चा गायक ख्रिस कॉर्नेल हा त्याचा एके काळचा बिऱ्हाडसोबती. तो दौऱ्यावर गेला खरा, पण दुःख बोलून दाखवायचे कोणापाशी? तो गाणी लिहीत सुटला. परतल्यावर ती त्याने वुडच्या पोरक्या साथीदारांपुढे, स्टोन गॉसर्ड आणि जेफ अमेंट यांच्यापुढे ठेवली. माइक मॅकक्रेडीची गिटार आणि मॅट कॅमेरॉनचे ड्रम येऊन मिळाले. नाव घेतले वुडच्याच एका गाण्यातले : 'टेम्पल ऑफ द डॉग', म्हणजे कुत्र्याचे देऊळ. दत्ताच्या पायाशी चार कुत्री पाहणाऱ्या आपल्याला त्यात वावगे वाटू नये.

तालमीला सॅन दिएगोहून आलेला एक लाजरा तरुण हजर असे. एडी व्हेडर त्याचे नाव. गॉसर्ड-अमेंट नवा बँड जुळवीत होते, त्यात गायकाच्या जागेसाठी तो आला होता. म्हणजे वुडच्याच रिकाम्या जागी! त्याने किती अंग चोरून बसावे, याची वाचकांनीच कल्पना करावी. 'हंगर स्ट्राइक' हे गाणे कॉर्नेलला अपुरे वाटत होते, आणि त्यातल्या खालच्या पट्टीतल्या ओळी त्याच्या गळ्यावर चढेनात. व्हेडर उठला, माइकपाशी गेला आणि त्या ओळी म्हणू लागला. कॉर्नेलने त्या त्यालाच देऊन टाकल्या. दुसरा एखादा आपल्या मित्राच्या जागेवर आलेल्या पोराला दारातही उभा करता ना!

दहा गाण्यांचे मुद्रण पंधरा दिवसांत उरकले. एप्रिल १९९१ मध्ये तबकडी निघाली, ती फारशी खपली नाही. पुढे व्हेडरचा तो नवा बँड 'पर्ल जॅम' ह्या नावाने गाजला, तेव्हा १९९२ साली कंपनीला एकाएकी ह्या तबकडीची आठवण झाली आणि ती दहा लाखांवर खपली. व्यापारी तो व्यापारीच.

मंडळी प्रथम दौऱ्यावर निघाली ती २५ वर्षांनी, २०१६ साली. व्हेडर त्या दौऱ्यावर नव्हता. फिलाडेल्फियात त्याच्या ओळी श्रोत्यांनी म्हटल्या. पुढच्याच वर्षी, १८ मे २०१७ रोजी, कॉर्नेलही गेला.