वसंतातील वाचन : सुट्टीतील मुले आणि वस्तीचे वाचनालय

निवासी शाळेतील विद्यार्थ्याचे वर्ष दोन असमान भागांत विभागलेले असते. जूनपासून एप्रिलपर्यंत त्याच्या दिवसाला शिस्त असते. पहाटेची वंदना, वर्ग, खेळ, रात्रीचा अभ्यास, शंका विचारण्यासाठी शिक्षक आणि हाताशी पुस्तकांचे कपाट. वार्षिक परीक्षा संपली की वसतिगृह रिकामे होते आणि मुले आपापल्या गावी, वस्तीत परततात. तेथे माया असते, मोकळीक असते, घरच्या कामाला हातभारही लावावा लागतो. मात्र बहुतेक घरांत वाचण्यासाठी निवांत कोपरा नसतो आणि पाठ्यपुस्तकांखेरीज दुसरे पुस्तकही नसते. दहा महिन्यांत लागलेली वाचनाची सवय या दीड-दोन महिन्यांत सुटते. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांची मुले या काळात पुढे जातात आणि ज्यांच्या घरी नाहीत त्यांची मागे पडतात. शिक्षणातील हे अंतर शाळेच्या भिंतींबाहेर वाढत असल्याने शाळेला ते एकटीने भरून काढता येत नाही.

हे काम करू शकेल अशी एक संस्था बहुतेक ठिकाणी चालत जाण्याच्या अंतरावर असते. ती म्हणजे सार्वजनिक वाचनालय. चैत्र-वैशाखाच्या या वसंत ऋतूत वस्तीचे वाचनालय कोणते कार्यक्रम घेऊ शकते आणि कोणत्या वयाच्या वाचकाने काय वाचावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाचनालय कोणाचे?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला. त्याअन्वये मान्यता मिळालेली वाचनालये अ, ब, क आणि ड अशा चार वर्गांत मोडतात व त्यांना शासनाचे अनुदान मिळते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. यांतील बहुतांश वाचनालये शासन स्वतः चालवीत नाही. स्थानिक संस्था आणि त्यांची कार्यकारी मंडळे ती चालवितात. म्हणजे वाचनालय किती वाजता उघडावे, बालविभागासाठी कोणती पुस्तके घ्यावीत, एप्रिल-मे महिन्यांत कोणते उपक्रम करावेत, हे ठरविणारी माणसे आपल्याच गावातील असतात. त्यांना भेटता येते, सुचविता येते आणि सभासद होऊन त्यांच्यात सामीलही होता येते.

जेथे वाचनालय नाही तेथेही मार्ग आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून बडोदा संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे उभे केले. पुस्तकांच्या पेट्या भरून त्या खेडोपाडी फिरविण्याची व्यवस्था हे त्या योजनेचे वैशिष्ट्य होते. पुढे याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. शंभर वर्षांपूर्वीची ती पेटीची कल्पना आजही तितकीच उपयोगी आहे. चाळीस-पन्नास पुस्तकांची एक पेटी, एक नोंदवही आणि विहारातील एक कोपरा एवढ्यावर उन्हाळ्यापुरते वाचनालय सुरू होऊ शकते.

जयंतीच्या दिवशी पुस्तक

वसंतातील कार्यक्रमांची दिनदर्शिका आपल्याला नव्याने आखावी लागत नाही. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन. १० मार्च हा सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. २० मार्च हा महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. २३ एप्रिल हा युनेस्कोने १९९५ साली घोषित केलेला जागतिक पुस्तक दिन. त्यानंतर येते वैशाखातील बुद्धपौर्णिमा. वर्षातील दुसऱ्या कोणत्याही ऋतूत आपल्या समाजाचे इतके महत्त्वाचे दिवस एकापाठोपाठ येत नाहीत.

अडचण दिवसांची नाही, ते साजरे करण्याच्या रीतीची आहे. पुष्पहार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, चार भाषणे आणि आभारप्रदर्शन असा कार्यक्रम झाला की मंडप उतरतो. पुढच्या रांगेत बसविलेली मुले सर्व ऐकून घरी जातात आणि पुस्तकांचे कपाट मात्र बंदच राहते.

समारंभ आणि पुस्तक यांचे नाते कसे असावे याचा धडा बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. विद्यार्थिदशेत ते एक परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा वस्तीतील लोकांना त्यांचा सत्कार करावासा वाटला. अशाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, म्हणून वडील रामजीबाबा तयार नव्हते. लोक दादा केळुसकरांकडे गेले आणि त्यांच्या शब्दामुळे सत्कार झाला. भाषणाच्या शेवटी कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. त्या पुस्तकाने आपण भारावून गेलो होतो, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. त्या सभेत कोण काय बोलले हे आज कोणी सांगत नाही; मुलाच्या हाती दिलेले पुस्तक मात्र १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंतच्या प्रवासाचे एक आरंभस्थान ठरले. म्हणून वसंतातील प्रत्येक कार्यक्रमाला एकच कसोटी लावावी : कार्यक्रम संपल्यावर किती मुले पुस्तक घेऊन घरी गेली?

काही कार्यक्रम

*१० मार्च : मुलींचे प्रकट वाचन.* फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. तो अवघ्या काही पानांचा आहे. वस्तीतील चार-पाच मुलींनी तो वाटून घेऊन मोठ्याने वाचावा. त्यांच्याएवढ्याच वयाच्या मुलीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी धर्माला आणि समाजाला कोणते प्रश्न विचारले, हे त्यांना कोणत्याही भाषणावाचून कळेल.

*२० मार्च : वृत्तपत्राचे वाचन.* महाडच्या सत्याग्रहानंतर लगेचच, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने पुनर्मुद्रित केले आहेत. त्यांतील एखादा लेख आठवी ते दहावीच्या मुलांनी वाचावा, अवघड शब्दांची यादी करावी आणि मोठ्यांच्या साहाय्याने त्यांचे अर्थ लावावेत. त्या काळची मराठी त्यांना प्रथम जड वाटेल. परंतु दोन-तीन बैठकांत ती सरावाची होते.

*१४ एप्रिल : अठरा तास वाचन.* जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम राज्यात अनेक महाविद्यालये व ग्रंथालये करतात. वस्तीच्या वाचनालयात तो साखळी पद्धतीने करता येईल. पहाटे सहापासून मध्यरात्रीपर्यंत वाचनकक्ष उघडा ठेवावा आणि प्रत्येक तासाची जबाबदारी वेगवेगळ्या कुटुंबाने घ्यावी. सकाळचे तास लहान मुलांचे, दुपारचे महिलांचे, सायंकाळचे विद्यार्थ्यांचे आणि रात्रीचे कामावरून परतलेल्या पुरुषांचे. असे केल्याने ज्यांनी वाचनालयाची पायरी कधी चढली नाही, अशी माणसेही त्या दिवशी आत येतील.

*बुद्धपौर्णिमेपर्यंत : सामूहिक वाचन.* ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे आठ खंड आहेत आणि मजकूर क्रमांक दिलेल्या लहान लहान परिच्छेदांत मांडलेला आहे. त्यामुळे तो आळीपाळीने मोठ्याने वाचण्यास सोयीचा आहे. पौर्णिमेच्या आधी आठ आठवड्यांपासून दर आठवड्याला एका खंडातील निवडक भाग विहारात वाचता येईल. सुट्टीत उशिरा येणाऱ्या मुलांसाठी धम्मपद आहे. त्यात सव्वीस वग्ग व ४२३ गाथा आहेत. रोज एक वग्ग घेतला तर महिन्याच्या आत ते पूर्ण होते. वाचनानंतर एक प्रश्न विचारण्याचा प्रघात अवश्य ठेवावा. केवळ परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश वाचनालाही लागू आहे.

कोणी काय वाचावे?

पहिली ते चौथीच्या मुलांसाठी जातककथांची सचित्र पुस्तके उत्तम. मूळ जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत आणि त्यांतील माकडे, हरणे, हत्ती मुलांना सहज आपलेसे वाटतात. याखेरीज बालभारतीतर्फे १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही बालविभागात ठेवावेत. कोणत्याही पानापासून वाचता येत असल्याने, वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलापुढे प्रथम तेच ठेवावे.

पाचवी ते सातवीच्या मुलांनी ‘तोत्तोचान’ वाचावे. एका शाळेने नाव काढून टाकलेली जपानी मुलगी दुसऱ्या शाळेत कशी रमते, हे निवासी शाळेतील मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. विज्ञानाची गोडी असलेल्यांनी डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहातील विज्ञानकथा घ्याव्यात.

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आणि डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ ही पुस्तके सुचवावीशी वाटतात. धनंजय कीर यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र मोठे आहे. परंतु दीड-दोन महिन्यांची सुट्टी त्यासाठी पुरेशी आहे.

माजी विद्यार्थी व पालकांसाठी दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) आणि वसंत मून यांचे ‘वस्ती’ ही आत्मकथने आहेत. गोव्यातील घर सोडून बुद्धवचनाच्या शोधात काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास केलेल्या धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आणि ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ धम्माच्या अभ्यासकाने जोडीने वाचावा.

ज्यांना वाचता येत नाही अशा आजी-आजोबांनाही या यादीत स्थान आहे. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ नातवाने आजीला वाचून दाखवावे. एक-दोन पाने होताच आजी त्याला थांबवील आणि आपली हकिकत सांगू लागेल. ती हकिकत नातवाने वहीत उतरवून घेतली, तर वस्तीचा अलिखित इतिहास कागदावर येईल. वाचनालयाने अशा वह्या जपून ठेवाव्यात.

अडथळे आणि आपली जबाबदारी

मूल वाचनालयापर्यंत पोहोचत नाही, याची कारणे बहुधा साधी असतात. अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी भरणे हातावर पोट असलेल्या घराला जड जाते. पुस्तक फाटले वा हरवले तर दंड भरावा लागेल, या भीतीने पालक मुलाला पुस्तक आणू देत नाहीत. वाचनालयाची वेळ आणि मुलींच्या घरकामाची वेळ एकच असते. कपाटाला कुलूप असते आणि मुलांना पुस्तक हाती घेऊन चाळता येत नाही. यांतील एकही कारण असे नाही की जे वस्तीला दूर करता येणार नाही.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील दोन मुलांची अनामत भरावी आणि हरवलेल्या पुस्तकाची भरपाई करण्याची हमी घ्यावी. घरातील वाढदिवस वा मंगल परिणयाच्या निमित्ताने वाचनालयास पुस्तके द्यावीत. मात्र रद्दीतली देऊ नयेत, मुलांनी मागितलेली द्यावीत. पालकांनी सुट्टीत दुपारचा एक तास मुलाला आणि विशेषतः मुलीला कामातून मोकळा द्यावा. शाळेने निकालपत्रकाबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याला वयानुरूप दहा पुस्तकांची यादी द्यावी आणि जूनमध्ये त्यांतील कोणती वाचली हे आपुलकीने विचारावे. शिक्षा वा गुण यांचा त्याच्याशी संबंध नसावा. कोणीतरी विचारणार आहे एवढे मुलाला ठाऊक असणे पुरेसे आहे.

बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. आपल्यापैकी थोड्यांनाच तसे घर बांधता येईल. परंतु वस्तीतल्या वाचनालयाची देवघेवीची नोंदवही प्रत्येकाला उघडून पाहता येते. येत्या बुद्धपौर्णिमेला ती अवश्य उघडावी आणि एप्रिल-मे महिन्यांच्या पानांवर आपल्या वस्तीतील मुलामुलींची किती नावे आहेत ते मोजावे. पुढच्या वसंतात त्या नावांत किती भर पडते, यावरून आपले कार्यक्रम सार्थ झाले की नाही हे ठरेल.