नकाशा तयार, निर्णय कुणाचा?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर १८०८ साली विल्यम लॅम्बटनचे अवजड थिओडोलाइट चढवले जात असताना ते भिंतीवर आदळून निकामी झाले. गादीवर भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी होते. कारभार मात्र कंपनीकडे गेला होता. जमीन मोजणारा एक, तिच्याविषयी ठरवणारा तोच आणि ती कसणारा दुसराच, अशी ती व्यवस्था होती. आता मोजणी उपग्रह करतो. ठरवणार कोण, हा प्रश्न कायम आहे.

केंद्राने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘अमृत’ योजनेतील शहरांचे विकास आराखडे जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीच्या आधारे करण्याचे ठरले. तंजावर त्यांपैकीच एक. उपग्रह छायाचित्रांवर रस्ते, उतार, कालवे, भूवापर असे थर एकावर एक ठेवले की कुठे बांधकाम झाल्यास पाण्याची वाट अडेल, हे आधीच दिसते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात याचे मोल मोठे. जमीन जवळपास सपाट. कल्लणैच्या बंधाऱ्यापासून निघालेले पाणी शेवटी एका शेतातून दुसऱ्या शेतात उतरते. मध्येच एखादा पाट बुजवून भूखंड पाडले, तर खालची शेते आवर्तनात कोरडी राहतात आणि ईशान्य मोसमी पावसात तुंबतात.

तामिळनाडू विधानसभेने २०२० मध्ये हा प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा केला. तेल व वायूचे उत्खनन, धातू वितळवण्याचे कारखाने, कातडी कमावण्याचे उद्योग यांना त्याने मज्जाव केला. घरांचे भूखंड मात्र त्या यादीत नाहीत. शहर गावांत शिरते ते नेमके याच वाटेने.

शहराचा आराखडा हद्दीपाशी थांबतो, कालवा थांबत नाही. ही फट संसदेने १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीतच हेरली होती. पंचायती आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करणारी, किमान चार पंचमांश निर्वाचित सदस्यांची जिल्हा नियोजन समिती तिने सांगितली. पाण्याच्या वाटणीचा विचारही तिच्याकडे सोपवला. महाराष्ट्रात ही समिती पालकमंत्र्यांची निधिवाटपाची बैठक म्हणूनच ओळखली जाते. जीआयएसचा खरा धनी तीच असायला हवी.

मंजुरीपूर्वी तो नकाशा ग्रामसभेत, तमिळमध्ये, शेतकऱ्याला आपला पाट ओळखता येईल एवढ्या मोठ्या आकारात लागला पाहिजे. एरवी पाट कुठे बुजला, याची अचूक नोंद तेवढी उपग्रहाकडे राहील.