शिवडीच्या पाहुण्यांचं जेवण

हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत मुंबईतल्या शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत राहतात. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो, मोठा रोहित बारीक कोळंबीसारखे जीव, अळ्या आणि कीटकही. पिसांचा गुलाबी रंग याच अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो. म्हणजे त्यांचं ताट हा चिखलच. त्यात प्लॅस्टिक आणि तेल जाऊ न देणं हीच त्यांची खरी सेवा.

कुरव पक्ष्यांचं, म्हणजे सीगलचं, मात्र वेगळं. मुंबईच्या किनाऱ्यावर, बोटींवरून लोक त्यांना हौसेने गाठी-शेव फेकतात. मासे, कीटक खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं, खारट बेसन कशासाठी? पोट भरतं, पोषण होत नाही. मला ही हौस मुळीच पटत नाही.

घरी पाळलेल्या बजरीगर या छोट्या पोपटालाही नुसते राळे पुरत नाहीत. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. रोज थोडी पालेभाजी, किसलेलं गाजर, लाल भोपळा द्या. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी आहेत, ते कधीही देऊ नका. आपला देशी पोपट तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाळताच येत नाही.

खाडीवर जाताना दुर्बीण न्या, खाऊची पिशवी घरीच ठेवा.