श्वानपिल्लांतील पचनविकार : ओळख व प्राथमिक उपाययोजना

प्रस्तावना :
घरात नव्याने आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लास जुलाब होणे ही नित्याची बाब आहे. पुष्कळदा हा त्रास एक-दोन दिवसांत शमतो. क्वचित मात्र तीच प्राणघातक आजाराची नांदी ठरते. या दोहोंतील भेद पालकास वेळीच ओळखता यावा, या दृष्टीने प्रस्तुत लेखात विवेचन केले आहे.

कारणमीमांसा :
पहिले कारण आहाराचे. महाराष्ट्रातील अनेक घरांत पिल्लास दूध-पोळी किंवा दूध-पाव दिला जातो. आईचे दूध सुटल्यानंतर पिल्लाच्या आतड्यातील लॅक्टेज हे विकर घटत जाते. परिणामी गाई-म्हशीच्या दुधातील शर्करा न पचता आतड्यात पाणी ओढून घेते व विष्ठा पातळ होते. दुसरे कारण जंतांचे. टॉक्सोकॅरा कॅनिस हे गोलकृमी गर्भावस्थेतच मातेकडून पिल्लात येतात. म्हणून स्वच्छ घरात वाढलेले पिल्लूही जंतमुक्त असेलच असे नाही. तिसरे व सर्वांत गंभीर कारण म्हणजे १९७८ साली प्रथम ओळखला गेलेला श्वान-पार्व्हो विषाणू. तो आतड्याच्या अस्तरातील व अस्थिमज्जेतील वेगाने विभागणाऱ्या पेशी नष्ट करतो. त्यामुळे आतड्याचे संरक्षक कवच ढासळते आणि त्याच वेळी रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशीही घटतात.

लक्षणांचे मूल्यमापन :
केवळ विष्ठा पाहून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. विष्ठा सैल असूनही पिल्लू खेळत, खात व पाणी पीत असेल तर एक दिवस निरीक्षण करता येते. याउलट मलूलपणा, अन्नावरील वासना उडणे, वारंवार उलट्या, रक्तमिश्रित वा काळसर विष्ठा यांपैकी एकही लक्षण आढळल्यास त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. ती फिकट वा चिकट असणे हे धोक्याचे चिन्ह होय.

उपाययोजना :
प्रौढ कुत्र्यास जुलाबात उपाशी ठेवण्याचा प्रघात आहे; तो पिल्लास लागू करू नये. पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अल्प असतो व उपवासाने रक्तशर्करा घसरून थरकाप वा झटके येऊ शकतात. मऊ भात व हाडे काढलेली, मीठ-मसाल्याविना उकडलेली कोंबडी थोडी थोडी द्यावी. कांदा-लसूण वर्ज्य करावा. पाणी सतत समोर असावे, परंतु उलट्या होत असताना ते तोंडात बळेच ओतू नये. माणसांसाठीची औषधे स्वतःच्या अंदाजाने देऊ नयेत. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन कुत्र्यांस विषारी ठरू शकतात.

प्रतिबंध :
दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी जंतनाशक द्यावे. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी चालू ठेवावे. मातेकडून आलेली प्रतिपिंडे लस निष्प्रभ करू शकतात, म्हणून एकच मात्रा पुरत नाही. पार्व्हो विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने मरत नाही. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण लागते.

निष्कर्ष :
पिल्लाच्या पचनविकारात विष्ठेपेक्षा त्याचा उत्साह हा अधिक विश्वासार्ह निर्देशक आहे. लहान देहात पाण्याची तूट झपाट्याने होते. त्यामुळे मलूल पिल्लाच्या बाबतीत ‘उद्या पाहू’ ही वृत्तीच सर्वाधिक घातक ठरते.